विशाळगडची इशारत

इ. स. १६६० च्या जुलै महिन्यांत सिद्दी जौहरचा वेढा चुकवून शिवाजीमहाराज कोल्हापुरानजीकच्या पन्हाळगडाहून रात्रीं विशाळगडाकडे निघाले. वाटेंत घोडखिंडींत बाजीप्रभु देशपांडे शत्रूस अडवून उभे राहिले. महाराज गडावर पोंचतांच तोफांचे बार व्हावयाचे, असा संकेत ठरला होता, असें परंपरा सांगते.

श्रोतेहो, तोफेस अक्षरें नसतात. त्या आवाजास अर्थ आला तो आधींच्या संकेतानें; ज्यास संकेत ठाऊक नाहीं, त्यास तो नुसता गडगडाट. संगणकाच्या जावास्क्रिप्ट भाषेंतही हाच नियम आहे. घटनेचें नांव आधीं ठरतें, ऐकणाराही आधींच नेमावा लागतो. नेमला नसेल तर वर्दी वायां जाते. वर्दी तारेवरून प्रवाहानें धाडावयाची तर एक कोठें संपली व दुसरी कोठें लागली, हेंही दोन्ही बाजूंनीं ठरवावें लागतें.

घोडखिंडींतून गडावर उलट इशारत गेल्याचें परंपरा सांगत नाहीं. बार ऐकूं येईपर्यंत खिंड सोडावयाची नाहीं, एवढेंच बाजींच्या हातीं होतें. ते ऐकूनच त्यांनीं प्राण सोडला, अशी लोकांची श्रद्धा आहे. पुढें त्या खिंडीस पावनखिंड हें नांव पडलें.