टॉवर नसताना फोनवरून फोनवर मेसेज जाईल का? बार्शी-कुर्डुवाडीचं गणित

आषाढीला पंढरपुरात गेलेल्यांना हा अनुभव आहे. रेंजच्या दांड्या पूर्ण, पण फोन काही लागत नाही, कारण सगळी गर्दी त्याच टॉवरवर. पण शेजारच्याचा फोन तर हातभर अंतरावर आहे. मग मेसेज थेट फोनवरून फोनवर का जात नाही?

जातो. याला मोबाईल ॲड हॉक नेटवर्क म्हणतात. टॉवर नको, सिम नको. प्रत्येक फोन स्वतःचा मेसेज पाठवतो आणि दुसऱ्याचा पुढे ढकलतो. अमेरिकी लष्कराने १९७० च्या दशकातच असे रेडिओ करून पाहिले. हाँगकाँगच्या आंदोलनांत २०१४ ला फायरचॅट आणि २०१९ ला ब्रिजफाय गाजलं. २०२५ मध्ये जॅक डॉर्सीचं बिटचॅट आलं.

आता बार्शीत हे चालेल का बघू. १८९७ ला सुरू झालेली बार्शी लाइट रेल्वे कुर्डुवाडीपासून बार्शीपर्यंत २१ मैल, म्हणजे साधारण ३४ किलोमीटर होती. ब्लूटूथचा पल्ला ५० मीटर धरला, तर तेवढ्या अंतरात जवळपास ६८० फोनची साखळी लागते. तीही रात्री, ज्वारीच्या रानातून, मधला एकही फोन बंद न पडता! बिटचॅट तर ७ टप्प्यांवर थांबतं, म्हणजे ३५० मीटर. भगवंत मंदिराच्या गर्दीत ठीक, गावाबाहेर नाही.

बरं, गर्दी वाढली की काम सोपं होतं असंही नाही. पियूष गुप्ता आणि पी. आर. कुमार यांनी २००० मध्ये गणिताने दाखवलं, की फोन चौपट झाले तर प्रत्येकाच्या वाट्याचा वेग निम्म्याहूनही खाली येतो. कारण सगळे एकाच हवेत बोलतात आणि वर दुसऱ्यांचे निरोपही वाहतात.

खरी अडचण पैशांची आहे. दुसऱ्याच्या मेसेजसाठी स्वतःची बॅटरी कोण जाळणार? आणि बिल कुणाच्या नावावर फाडायचं? फायरचॅट बंदच पडलं. ब्रिजफायमध्ये २०२० ला संशोधकांना सुरक्षेच्या गंभीर त्रुटी सापडल्या. त्यात सरकारचीही नजर असते: २०२३ मध्ये भारताने ब्लॉक केलेल्या १४ मेसेजिंग ॲप्समध्ये ब्लूटूथवर चालणारं ब्रायरही होतं.

लष्कराला हे परवडतं, कारण तिथे प्रत्येक रेडिओ एकाच मालकाचा असतो. सामान्यांसाठी जवळचा पर्याय म्हणजे लोरा रेडिओ. भारतात ८६५ ते ८६७ मेगाहर्ट्झ पट्ट्याला ठरावीक मर्यादेत परवाना लागत नाही. मोकळ्या रानात एक टप्पा काही किलोमीटरचा पडतो. मात्र त्यावरून फक्त छोटे मजकूर जातात, रील नाही.