रेड म्हणजे काय? डिस्क बिघडली तरी वेबसाइट कशी चालू राहते

होस्टिंगचा प्लॅन घेताना वैशिष्ट्यांच्या यादीत ‘रेड-१० स्टोरेज’ असे काहीतरी लिहिलेले असते. बहुतेक जण त्याकडे न बघता थेट किमतीकडे वळतात. काही जण मात्र ते वाचून आपला डेटा आता सुरक्षित आहे असे समजतात आणि बॅकअप घेणेच सोडून देतात. ही दुसरी चूक जास्त महागात पडते.

आपली वेबसाइट म्हणजे शेवटी एखाद्या डेटा सेंटरमधल्या सर्व्हरच्या डिस्कवर ठेवलेल्या फायली आणि डेटाबेस. सर्व्हरमधल्या हार्ड डिस्कच्या तबकड्या बहुधा मिनिटाला ७,२०० वेळा फिरतात आणि तेही रात्रंदिवस. अशा डिस्क वर्षाला साधारण शेकडा एक-दोन या प्रमाणात बिघडतात. घरच्या एका संगणकाच्या दृष्टीने हा धोका किरकोळ वाटतो. पण ज्या कंपनीकडे हजार डिस्क आहेत, तिथे वर्षाला दहा-वीस डिस्क जाणार हे धरूनच चालावे लागते. प्रत्येक वेळी शे-दोनशे ग्राहकांच्या साइट बंद ठेवणे परवडणारे नाही. रेड हा त्यावरचा उपाय.

कल्पना कुठून आली?

१९८८ साली कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कली येथील डेव्हिड पॅटरसन, गार्थ गिब्सन आणि रँडी कॅट्झ या तिघांनी एक शोधनिबंध मांडला. त्या काळी मोठ्या संगणकांना मोठ्या आणि महागड्या डिस्क लागत. त्याऐवजी पर्सनल कॉम्प्युटरच्या स्वस्त, छोट्या डिस्क एकत्र जोडून काम भागवावे, असे त्यांचे म्हणणे होते. अडचण एकच होती. डिस्क जितक्या जास्त, तितकी त्यातली एखादी बिघडण्याची शक्यता जास्त. म्हणून थोडी जादा माहिती साठवून ठेवायची, म्हणजे एक डिस्क गेली तरी तिच्यावरचे सगळे परत मिळवता येईल. ‘रिडंडंट अ‍ॅरे ऑफ इनएक्स्पेन्सिव्ह डिस्क्स’ या नावाच्या आद्याक्षरांवरून ‘रेड’ हा शब्द तयार झाला. पुढे ‘इनएक्स्पेन्सिव्ह’च्या जागी ‘इंडिपेंडंट’ हा शब्द रूढ झाला. आपला माल ‘स्वस्त’ म्हणून विकायला कोणत्या कंपनीला आवडेल?

रेडचे प्रकार

रेड-० मध्ये डेटाचे तुकडे करून ते अनेक डिस्कवर पसरवतात. वेग वाढतो, पण एक डिस्क गेली की सगळेच गेले. नावात रेड असले तरी इथे राखीव असे काहीच नाही.

रेड-१ म्हणजे आरसा. दोन डिस्कवर तंतोतंत तीच माहिती लिहिली जाते. एक बंद पडली की दुसरी काम चालू ठेवते. जागा मात्र निम्मीच वापरता येते.

रेड-५ ची युक्ती समजायला किराण्याचे बिल घ्या. तांदूळ १८० रुपये, तेल १६०, साखर ९०, एकूण ४३०. आता बिलावर पाणी सांडून तेलाचा आकडा पुसला गेला, तरी बेरजेतून बाकीचे दोन आकडे वजा केले की १६० परत मिळतात. रेड-५ मध्ये या बेरजेसारखी एक नोंद ठेवली जाते, तिला पॅरिटी म्हणतात. प्रत्यक्षात ती बेरीज नसून शून्य आणि एक या अंकांवरची सोपी क्रिया असते, आणि ती सगळ्या डिस्कवर आळीपाळीने लिहिली जाते. चार टेराबाइटच्या चार डिस्क असतील तर १२ टेराबाइट जागा वापरायला मिळते. पण एकाच बिलावरचे दोन आकडे पुसले गेले तर? बेरीज हातात असूनही हिशेब लागत नाही. म्हणून रेड-६ मध्ये पॅरिटीच्या दोन वेगळ्या नोंदी असतात आणि दोन डिस्क एकदम गेल्या तरी डेटा वाचतो.

रेड-१० मध्ये आरशासारख्या जोड्या करून त्यांच्यावर डेटा पसरवतात. होस्टिंगमध्ये हा प्रकार आवडता आहे, आणि त्याला कारण आहे. डेटाबेसमध्ये सतत बारीकसारीक बदल लिहिले जातात. रेड-५ मध्ये अशा एका बदलासाठी जुना डेटा व जुनी पॅरिटी वाचणे आणि मग दोन्ही नव्याने लिहिणे, अशी चार कामे होतात. रेड-१० मध्ये दोन ठिकाणी लिहिले की झाले.

खरी परीक्षा डिस्क बदलल्यावर

बिघडलेली डिस्क बहुतेक सर्व्हरमध्ये चालू अवस्थेतच काढून नवी बसवता येते. मग उरलेल्या डिस्क वाचून नवी डिस्क भरली जाते. याला रीबिल्ड म्हणतात. २० टेराबाइटची डिस्क सेकंदाला २५० मेगाबाइट या वेगाने भरायला सुमारे २२ तास लागतात. सोबत साइटची वर्दळ चालूच असते, त्यामुळे काही दिवसही जाऊ शकतात. या काळात रेड-५ ला कसलेच संरक्षण नसते, आणि नेमक्या याच वेळी उरलेल्या डिस्कवर सर्वांत जास्त ताण पडतो. मोठ्या हार्ड डिस्कसाठी रेड-५ टाळावे, असे म्हटले जाते ते यामुळेच.

एकाच वेळी बसवलेल्या डिस्क एकाच वेळी जाणे, हा आणखी एक धोका. २०१९ मध्ये एचपीई कंपनीने ग्राहकांना सावध केले होते, की तिच्या काही एसएसडी फर्मवेअरमधल्या चुकीमुळे ३२,७६८ तास चालल्या की बंद पडतील. म्हणजे ३ वर्षे, २७० दिवस आणि ८ तास. डिस्क एकाच दिवशी सुरू केल्या असतील तर त्या जवळपास एकाच वेळी बंद पडणार. अशा वेळी आरशाचा काय उपयोग?

रेड म्हणजे बॅकअप नव्हे

रेड फक्त डिस्कच्या बिघाडावर उत्तर देते. तुम्ही चुकून एखादे टेबल पुसले, तर ते दोन्ही डिस्कवरून त्याच क्षणी पुसले जाते. हॅकरने फायली बदलल्या, तर बदललेल्या फायलींचीही इमानदारीने दुसरी प्रत तयार होते.

३१ जानेवारी २०१७ रोजी गिटलॅबच्या एका अभियंत्याने चुकीच्या सर्व्हरवर आज्ञा दिली आणि मुख्य डेटाबेस पुसला गेला. डिस्कचा यात काही दोष नव्हता. नेहमीचे बॅकअप बंद पडले आहेत हे तेव्हाच लक्षात आले, आणि सुमारे सहा तासांपूर्वी घेतलेल्या एका प्रतीवर निभावून न्यावे लागले. १० मार्च २०२१ रोजी फ्रान्समधील स्ट्रासबर्ग येथे ओव्हीएचक्लाउडची एक पाचमजली इमारत जळाली. ज्यांचा बॅकअपही तिथेच होता, त्यांचे दोन्ही गेले.

त्यामुळे होस्टिंग घेताना रेडचा प्रकार विचाराच, पण बॅकअप किती दिवसांचे ठेवतात, दुसऱ्या शहरात ठेवतात का आणि परत मिळवून देण्याचे वेगळे पैसे घेतात का, हेही विचारा. शिवाय एक प्रत स्वतःकडे उतरवून ठेवा. रोज ऑर्डर येणाऱ्या दुकानाच्या साइटला ती रोज लागेल, क्वचित बदलणाऱ्या माहितीच्या साइटला महिन्यातून एकदा पुरेल. आणि ती एकदा रिकाम्या होस्टिंगवर चढवून साइट उघडते का, ते बघून घ्या.