खाडीपलीकडची देवी

आमच्या घरात देवीच्या स्थलांतराची गोष्ट दोन तऱ्हांनी सांगितली जायची. आजी म्हणायची, देवी रातोरात आपल्या पायांनी झुआरी ओलांडून गेली आणि सकाळी फिरंगी सोजीर वेर्ण्याला येऊन बघतात तर गाभारा मोकळा. आजोबांची थोरली बहीण, जिला सगळा वाडा आक्का म्हणायचा, ती अडकित्त्यानं सुपारी कातरत बसलेली असायची. ती मान वर न करता म्हणे, "देवीक खंयचे पाय गे? पाय माणसांचे, होडीव माणसांची." मग आजी गप्प. पण पुढच्या खेपेला गोष्ट पुन्हा देवीच्या पायांनीच सुरू व्हायची.

आम्ही वेंगुर्ल्याकडचे. कुलदेवता मात्र गोव्यात, म्हार्दोळची महालसा. हे म्हार्दोळ फोंड्याकडे जाणाऱ्या रस्त्यावर. मूळचं म्हार्दोळ झुआरीच्या दक्षिणेला, साष्टीतल्या वेर्णे गावात. देवी निघाली ती नावही सोबत घेऊन निघाली.

यातल्या तारखा मला पुढे पुस्तकांतून कळल्या. साष्टी आणि बारदेश हे महाल १५४३मध्ये पोर्तुगिजांकडे गेले. तिसवाडी बेटांतली देवळं त्याआधीच पाडून झाली होती. १५६०मध्ये गोव्यात इन्क्विझिशन, म्हणजे चर्चचं धर्मन्यायालय, बसलं. साष्टीत १५६६-६७च्या सुमारास जी मोडतोड झाली, तिच्यात सुमारे २८० देवळं गेल्याची नोंद खुद्द पाद्र्यांच्या कागदांत आहे. या धामधुमीत देव नदीपार झाले. मंगेश कुठ्ठाळीहून प्रियोळला, शांतादुर्गा केळशीहून कवळ्याला, महालक्ष्मी कोलव्याहून आणि रामनाथ लोटलीहून बांदोड्याला, आणि आमची महालसा वेर्ण्याहून म्हार्दोळला. आज पर्यटक एका दुपारात या सगळ्या देवळांना हात लावून येतात. इतके मोठे देव इतके जवळजवळ कसे, हे त्यांना कुणी सांगत नाही. निर्वासितांच्या वस्तीत घरं अशीच दाटीनं उभी राहतात.

आजीच्या गोष्टीत एक माणूस कधीच यायचा नाही. नदीपलीकडचा अंत्रुज महाल तेव्हा विजापूरच्या आदिलशहाकडे होता. पोर्तुगिजांच्या भीतीनं पळालेले देव मुसलमान राजाच्या मुलखात सुखरूप राहिले, ही साधी गोष्ट. पण ती सांगताना आमच्याकडचे भलेभले गोष्टीचा वेग वाढवतात. शिवाजी महाराज मात्र थाटात यायचे, आणि ते बरोबरही आहे. दिवाडी बेटावरचा कदंबांचा सप्तकोटेश्वर आधी बहमनींच्या काळात उद्ध्वस्त झाला, मग विजयनगरच्या माधव मंत्र्यानं पुन्हा बसवला, मग पोर्तुगिजांनी पाडला आणि शेवटी नदीपलीकडे डिचोलीच्या बाजूला नार्व्याला आणला गेला. तिथलं देऊळ महाराजांनी १६६८मध्ये बांधून घेतलं. पुढे शाहूंचे मंत्री नारोराम, मूळचे वेंगुर्ल्याजवळच्या कोचऱ्याचे, त्यांनी खटपट केली म्हणून कवळ्याचं आजचं देऊळ उभं राहिलं. कोचऱ्याचं नाव आलं की आजोबा सरसावून बसत, जणू चुनखडी यांनीच वाहून नेली होती.

चुनखडी कुणी वाहिली, होडी कुणी वल्हवली, हा प्रश्न आक्काचा. कागदांत नावं सापडतात ती महाजनांची, म्हणजे देवस्थानाच्या कारभारी घराण्यांची. पोर्तुगीज अमदानीतल्या नियमावलीनं हे महाजनपण ठरावीक घराण्यांतल्या पुरुषांपुरतं बांधून टाकलं. आमचं घर त्यातलंच, त्यामुळे तक्रार करायला मी योग्य माणूस नव्हे. पण याच देवळांच्या सावलीत कलावंतांची घरं होती, त्यांच्या गाण्यावर पालख्या निघत आणि महाजनांच्या यादीत त्यांना जागा नव्हती. अशाच घरांतले गायक दीनानाथ मंगेशकर १९००मध्ये मंगेशीला जन्मले, गायिका केसरबाई केरकर १८९२मध्ये फोंड्याजवळच्या केरीला. केसरबाईंची भैरवी १९७७मध्ये व्हॉयेजर यानातून सूर्यमालेबाहेरच्या वाटेला लागली. महाजनकीची एकही यादी अजून तितकी लांब गेलेली नाही.

देव गेले, पण माणसं सगळी गेली नाहीत. जमीन सोडून जाणं सोपं नसतं. वेर्ण्यात, केळशीत, कुंकळ्ळीत जी राहिली त्यांतली बहुतेक बाटली. कुंकळ्ळीच्या गावकऱ्यांनी जुलै १५८३मध्ये पाच जेझुइट पाद्री मारले. मग पोर्तुगिजांनी गावच्या पुढाऱ्यांना असोळण्याच्या किल्ल्यात बोलणी करायला म्हणून बोलावलं आणि ठार केलं. कुंकळ्ळीची शांतादुर्गा फातर्प्याला गेली, पण दर शिमग्यात पंचमीला ती माहेरी येते. तिच्यापुढे बारा वांगडांच्या, म्हणजे कुळांच्या, बारा रंगीत छत्र्या नाचतात, आणि त्या वांगडांची नावं सांगणारी घरं आज हिंदूही आहेत आणि ख्रिस्तीही. म्हापशाच्या चर्चमधली मिलाग्रीस सायबीण ही शिरगावच्या लइराई देवीची बहीण मानतात, सात बहिणींतली एक. बाटली तरी बहीणच. तिच्या फेस्ताला हिंदू तेल घेऊन जातात. धर्मशास्त्राच्या कुठल्याही पोथीत हे बसायचं नाही, आणि ते बसवायची कुणाला घाईही नाही.

इन्क्विझिशनला मात्र घाई होती. त्यानं एप्रिल १७३६मध्ये बाटलेल्यांसाठी एक जाहीरनामा काढला. देवळं पाडून दीडशेहून जास्त वर्षं लोटली, तरी हे लोक आतून तेच आहेत, ही त्यामागची चिडचिड. मी त्यातली कलमं पहिल्यांदा वाचली तेव्हा वाटलं होतं, आत्मा, पुनर्जन्म, कर्म यांवर काही असेल. तसलं काही नाही. लग्नात ओव्या म्हणायच्या नाहीत. नवरा-नवरीला हळद-तेल लावायचं नाही. पानसुपारी, फुलं वाटायची नाहीत. अंगणात तुळस ठेवायची नाही, असेल ती उपटून टाकायची. एकादशी धरायची नाही. पुरुषांनी धोतर आणि बायकांनी चोळी घालायची नाही. भात अळणी शिजवून वरून मीठ घ्यायचं नाही, कारण ती हिंदूंची रीत.

माझ्या मते हिंदू घराचं इतकं नेमकं वर्णन आपल्या एकाही आचार्यानं केलेलं नाही. ज्याला ते मोडायचं होतं त्याला कळलं होतं की हा मामला मिठाच्या चिमटीत आहे. आजीला ऐंशीच्या पुढे असताना मी ही यादी वाचून दाखवली. ती लक्ष देऊन ऐकत होती. शेवटी म्हणाली, "ह्यां सगळा आमच्याकडे आसाच. ह्येच्यात नवीन काय सांगतंस?"

आणि आमच्याकडे तरी सगळं एका सुतात कुठे होतं? आजोबांचं घराणं पर्तगाळी मठाचं, वैष्णव. आजीचं माहेर कवळे मठाचं, स्मार्त. एखाद्या महिन्यात पंचांगात स्मार्त एकादशी एका दिवशी आणि भागवत एकादशी दुसऱ्या दिवशी पडली की एकाच चुलीवर आज साबुदाणा, उद्याही साबुदाणा. आम्हा पोरांची चंगळ. सोमवारी मासे वर्ज्य, यावर मात्र दोन्ही मठ, आजी, आजोबा आणि मांजर यांचं एकमत होतं, मांजराचं नाइलाजानं.

देवीचंही तसंच. आमची महालसा म्हणजे विष्णूची मोहिनी. समुद्रमंथनात अमृत वाटलं ती. हातात त्रिशूळ, तलवार, वाडगा आणि कापलेलं मुंडकं, ते राहूचं असं आमच्याकडे सांगत. गळ्यात जानवं. आमची एक काकू देशावरची, तिचं कुलदैवत जेजुरीचा खंडोबा. ती लग्न होऊन आली आणि पहिल्याच दिवशी देव्हाऱ्यापुढे म्हणाली, "अगंबाई, म्हाळसा तर आमच्या खंडोबाची बायको!" सासरी आल्या आल्या देवीचं लग्न लावून टाकणारी सून विरळाच. आजी गोंधळली. आक्काला विचारलं गेलं. तिला ठाऊक होतं की जेजुरीची म्हाळसा नेवाशाच्या तिमशेट वाण्याची मुलगी, आणि नेवाशाला तर मोहिनीराजाचं देऊळ आहे. म्हणजे धागा कुठेतरी आहेच. पण तो ओढून गाठ सोडवण्याच्या भानगडीत ती पडली नाही. "तुझी ती तुझी, आमची ती आमची. नैवेद्य एकच दाखव," एवढं सांगून तिनं पुढची सुपारी घेतली. खंडोबाचा टाक त्या दिवशी महालसेच्या शेजारी बसला तो अजून तिथेच आहे. चंपाषष्ठीला वांग्याचं भरीत आणि रोडगा, नवरात्रात आमचं जे काय असेल ते.

या सगळ्यावर खरी कसोटीची वेळ आली ती मात्र पोर्तुगिजांच्या शेवटच्या दिवसांत. १५ ऑगस्ट १९५५ला सत्याग्रही गोव्याच्या हद्दीत शिरले, पोर्तुगिजांनी गोळ्या घातल्या, पत्रादेवीला माणसं पडली. त्यानंतर भारतानं सरहद्द बंद केली. परवान्याशिवाय पलीकडे जाता येईना आणि आमच्यासारख्यांना परवाना कोण देतो? वेंगुर्ल्याहून सकाळी निघून दुपारी जिच्या पायांवर डोकं ठेवावं ती कुलदेवता एकाएकी परदेशात गेली. आणि १९५६च्या पावसाळ्यात माझ्या वडिलांना विषमज्वर झाला.

आजीनं हळदीत बुडवलेल्या फडक्यात सव्वा रुपया बांधला, देव्हाऱ्यात ठेवला आणि बोलली: पोर उठलं तर तुझी ओटी भरीन, सरहद्द उघडली की. अट तिनं अशी देवीवरच टाकली. वडील उठले. सरहद्द उघडेना. दरवर्षी नवरात्रात आजी गाठ सोडायची, उशीर झाल्याबद्दल त्यात आणखी एक नाणं टाकायची आणि पुन्हा बांधायची. त्यात १९५७चा एप्रिल आला आणि नवे पैसे आले. आता चार आण्यांचे पंचवीस नवे पैसे. आजीला घोर लागला की बोलले होते सव्वा रुपया, त्यातला पाव जुन्या चार आण्यांचा. हे नवं नाणं देवीला चालेल का? तिकडे तर म्हणे पोर्तुगिजांचं नाणं चालतं. वडील सांगत, ती हा प्रश्न पोस्टमास्तरांना विचारून आली होती. त्यांनी गंभीरपणे उत्तर दिलं की सरकारी नाणं आहे, कुठेही चालेल.

१९ डिसेंबर १९६१ला गोवा मुक्त झाला. पुढच्या माघात सगळं बिऱ्हाड निघालं. एस. टी.नं बांद्यापर्यंत, पुढे पत्रादेवी, म्हापसा, बेतीहून फेरीबोटीनं पणजी आणि तिथून म्हार्दोळ. वडिलांना त्या प्रवासातली देवी फारशी आठवत नाही. आठवतो तो देवळापुढचा पितळी दीपस्तंभ: पाठीवर भार घेतलेलं कासव, त्यावर एकवीस थर आणि वर बघता बघता मागे पडलेली टोपी. आजीनं गाठ सोडून सगळी नाणी तबकात ओतली, जुनी-नवी मिसळून. पुजाऱ्यानं मोजलीही नाहीत. ते तिला जरा लागलं. एवढी वर्षं व्याजासकट जपलेला हिशेब, निदान मोजायचा तरी.

आक्काही त्या फेरीत होती, पण तिचं काम वेगळं होतं. तिला घंटा बघायची होती. म्हार्दोळच्या घंटेखाली शपथ घेऊन खोटं बोलणारा तीन दिवसांत मरतो, अशी आख्यायिका, आणि त्या शपथेवरची साक्ष पोर्तुगीज न्यायालयंही मानत असत म्हणे. आक्काच्या सासऱ्यांचा आणि त्यांच्या धाकट्या भावाचा पोफळीच्या बागेवरून तंटा होता. शेवटी दोघे भाऊ घंटेखाली शपथ घ्यायला निघाले, भाकऱ्या बांधून, एकाच बैलगाडीतून, वाटेत एक शब्द न बोलता. देवळाच्या पायरीवर थोरल्यानं वहाणा काढल्या, घंटेकडे पाहिलं, पुन्हा वहाणा घातल्या आणि म्हणाला, "अर्धी तुझी." धाकटा म्हणाला, "माका तिसरो हिस्सो पुरे." खोटं नेमकं कोण बोलणार होता, हे दोघांनी अखेरपर्यंत कुणाला सांगितलं नाही. आक्काचा संशय सासऱ्यांवर होता.

त्या भावांच्या नातवंडांनी बागेचा वाद पुन्हा उकरून काढला आणि रीतसर कोर्टात नेला. तिथे शपथ घेऊन दोन्हीकडचे साक्षीदार मन मानेल ते बोलले, सगळे ठणठणीत जगले, आणि दाव्याचा निकाल लागेपर्यंत निम्म्या पोफळी कोळेरोगानं गेल्या होत्या.