स्वतःचा ईमेल सर्व्हर व प्रेषक-प्रमाणन

आपल्या डोमेनची ईमेल मोठ्या कंपनीकडे न सोपवता स्वतःच्या किंवा भाड्याच्या संगणकावरून पाठवण्याची आणि स्वीकारण्याची व्यवस्था. देवाणघेवाणीसाठी पोस्टफिक्स आणि टपालपेटीसाठी डव्हकॉट हे मुक्त प्रणालींचे जोडपे लिनक्सवर रूढ आहे. ते बसवून चालू करणे जाणकाराला एका दुपारचे काम असते. खरे काम पुढचे: पलीकडच्या अनोळखी सर्व्हरने आपले पत्र आत घ्यावे, यासाठीची खटपट. ती बहुतांशी डीएनएस या डोमेनांच्या सार्वजनिक नोंदवहीतल्या नोंदींमध्ये आणि आयपी पत्त्याच्या पूर्वेतिहासात दडलेली असते, म्हणून या विषयाकडे प्रणाली बसवण्याचा प्रश्न म्हणून पाहणे अपुरे ठरते.

१९८२ साली जॉन पोस्टेल यांनी मांडलेल्या एसएमटीपी या शिष्टाचारात पाठवणाऱ्याची ओळख तपासण्याची सोयच नव्हती. त्यात पाकिटावरचा प्रेषक वेगळा आणि आतल्या पत्रावरचा वेगळा असू शकतो. वाचणाऱ्याला दिसतो तो आतला. पुढचे तिन्ही उपाय ही फट बुजवण्यासाठी आले. एसपीएफमध्ये डोमेनचा मालक कोणत्या आयपी पत्त्यांवरून पत्रे निघतील हे डीएनएसमध्ये जाहीर करतो. तपासणी मात्र पाकिटावरच्या नावाची होते. याहूच्या आणि सिस्कोच्या दोन योजना एकत्र करून २००७ साली आलेल्या डीकिममध्ये सर्व्हर पत्रावर खासगी किल्लीने स्वाक्षरी करतो आणि ती पडताळण्याची सार्वजनिक किल्ली डीएनएसमध्ये ठेवतो. ही किल्ली आता २०४८ बिटांची असावी असा संकेत आहे. पण एवढी लांब किल्ली २५५ अक्षरांच्या एका तुकड्यात मावत नाही, ती तोडून लिहावी लागते, आणि नवख्यांची पहिली चूक हमखास इथेच होते. एसपीएफ आणि डीकिम यांपैकी निदान एकाचे डोमेन वाचकाला दिसणाऱ्या नावाशी जुळलेच पाहिजे, ही अट डीमार्क या तिसऱ्या उपायाने घातली; न जुळल्यास पत्राचे काय करावे हेही मालकाला सांगता येऊ लागले.

यावर नेहमीचा आक्षेप असा, की स्पॅम पाठवणाराही नवे डोमेन घेऊन तिन्ही नोंदी बिनचूक करू शकतो. मग उपयोग काय? आक्षेपातली वस्तुस्थिती खरी, निष्कर्ष चुकीचा. प्रमाणनातून पत्राचा भलेपणा सिद्ध होत नाही, पत्राची जबाबदारी एका डोमेनवर येते. जबाबदारी ठरली तरच पत ठरवता येते. गूगल व याहूने फेब्रुवारी २०२४ पासून लावलेले नियम याच तर्काचे आहेत: जीमेलला दिवसाला ५,००० किंवा अधिक पत्रे धाडणाऱ्यांना तिन्ही उपाय सक्तीचे झाले, आणि शिवाय स्पॅमच्या तक्रारी ०.३ टक्क्यांच्या खाली ठेवण्याची अट आली. लहान सर्व्हरला हीच पत मिळवणे जड जाते. अनेक क्लाउड कंपन्या बाहेर जाणारे २५ क्रमांकाचे पोर्ट बंदच ठेवतात; आयपीवरून नाव सांगणारी पीटीआर नोंद डोमेनच्या मालकाच्या नव्हे, तर आयपी देणाऱ्याच्या हाती असते; आणि आधीच्या भाडेकरूच्या उद्योगांमुळे पत्ता काळ्या यादीत असला, तर निर्दोष नोंदीही कामी येत नाहीत.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. पत्र तिसऱ्याच सर्व्हरमार्फत पुढे गेले की एसपीएफ सहसा तुटते, आणि मेलिंग लिस्टने तळाशी दोन ओळी जोडल्या की डीकिमची स्वाक्षरीही. एप्रिल २०१४ मध्ये याहूने डीमार्कचे धोरण एकदम ‘नाकारा’वर नेले, तेव्हा याहूवरून लिस्टवर लिहिणाऱ्या प्रामाणिक माणसांची पत्रे परत येऊ लागली. यातून प्रमाणन निरुपयोगी ठरत नाही, घाई घातक ठरते. म्हणूनच डीमार्कचे धोरण आधी ‘काही करू नका’ असे ठेवून पलीकडच्या सर्व्हरांकडून येणारे अहवाल वाचतात. आपल्या नावाने पावत्या धाडणारी एखादी विसरलेली सेवा त्यातच सापडते. तिची व्यवस्था लावल्यावरच ‘स्पॅममध्ये टाका’ आणि मग ‘नाकारा’ असे चढत जातात. ज्या डोमेनवरून एकही पत्र निघत नाही, त्याला मात्र ही वाट पाहायची गरज नाही. तिथे ‘कोणीही पाठवू शकत नाही’ अशी एसपीएफ नोंद आणि ‘नाकारा’ हे धोरण पहिल्याच दिवशी लिहावे.