कमवा आणि शिका : साताऱ्याच्या बोर्डिंगपासून विद्यापीठाच्या आवारापर्यंत

आजचा विषय तुमच्या ओळखीचाच आहे. आपल्याकडच्या कुठल्याही विद्यापीठाच्या ग्रंथालयात गेलात, तर परत आलेली पुस्तकं रॅकवर लावणारी दोन-चार मुलं-मुली दिसतात. कुणी विभागाच्या कार्यालयात फायली लावतं, कुणी बागेत असतं, कुणी प्रयोगशाळेत काचेची भांडी धुतं. विचारलं की उत्तर येतं, "कमवा-शिकाला आहे." दिवसाला दोन-तीन तास काम, तासावर मानधन, त्यातून मेसचं बिल. योजना चांगली, याबद्दल वाद नाही. माझा प्रश्न वेगळा आहे. ही गरीब मुलाला केलेली मदत आहे, की हा शिक्षणाचाच एक भाग आहे? वरवर पाहता फरक किरकोळ वाटतो. पण मुलाला कुठलं काम द्यायचं, हे त्या उत्तरावर ठरतं. आणि या प्रश्नाचं उत्तर शोधायला इतिहासात जावं लागतं, म्हणजे साताऱ्याला जावं लागतं.

आधी एक पार्श्वभूमी. गरीब मुलानं घराबाहेर राहून शिकायचं कसं, याची आपल्याकडची जुनी पद्धत म्हणजे माधुकरी, किंवा वार लावून जेवणं. सोमवारी एका घरी, मंगळवारी दुसऱ्या घरी. त्यातून मोठमोठी माणसं शिकली, हे खरंच आहे. पण ही सोय कुणासाठी होती? पंगतीला ज्याला बसवता येतं, त्याच्यासाठी. कुणब्याच्या, धनगराच्या, महारा-मांगाच्या पोराला असे वार कोण लावून देणार? म्हणजे बहुजनांच्या मुलांपुढे अडचण फक्त फीची नव्हती. रात्री झोपायचं कुठे आणि जेवायचं काय, इथपासून सुरुवात होती.

भाऊराव पाटलांनी ही अडचण नेमकी ओळखली. त्यांचा जन्म 1887 चा, कोल्हापूरजवळच्या कुंभोजचा. जैन कुटुंब. कोल्हापुरात शिकायला ते जैन बोर्डिंगमध्ये होते. तिथे असताना अस्पृश्य विद्यार्थ्यांसाठीच्या मिस क्लार्क वसतिगृहाच्या उद्घाटनाला गेले, परत आल्यावर आंघोळ करायला नकार दिला, आणि बोर्डिंगमधून बाहेर पडावं लागलं. हा प्रसंग आपण त्यांच्या बंडखोरीचा दाखला म्हणून सांगतो. मला त्यात आणखी एक गोष्ट दिसते. वसतिगृह कोण चालवतं आणि कुठल्या नियमांनी चालवतं, यावर मुलाचं शिक्षण टिकतं की तुटतं, हे त्यांनी स्वतःच्या अंगावर घेतलं होतं. पुढे त्यांनी ओगल्यांच्या काचेच्या वस्तू विकल्या, किर्लोस्करांचे नांगर विकले. त्यासाठी गावोगाव हिंडले. गृहस्थ स्वतः मॅट्रिकसुद्धा झालेले नव्हते, पण शेतकऱ्याचं घर आतून कसं चालतं हे त्यांना चांगलं माहीत होतं.

4 ऑक्टोबर 1919 ला कऱ्हाडजवळच्या काले गावी रयत शिक्षण संस्था स्थापन झाली. 1924 ला संस्था साताऱ्यात आली, आणि तिथे सगळ्या जातिधर्मांच्या मुलांचं एकत्र बोर्डिंग सुरू झालं. 25 फेब्रुवारी 1927 ला गांधीजी आले आणि त्यांच्या हस्ते त्याचं 'श्री छत्रपती शाहू बोर्डिंग हाऊस' असं नामकरण झालं.

आता बोर्डिंगच्या आत काय चालायचं ते बघू. स्वयंपाक, पाणी भरणं, झाडलोट, भाजीपाला, शेतातली कामं, पुढे बांधकामावरची दगड-मातीची कामं, सगळं मुलं करायची. कुणी म्हणेल, यात नवीन काय? ही शेतकऱ्यांचीच पोरं, घरी तेच करत होती. बरोबर. काम नवीन नव्हतंच. पण गावात काम जातीनं वाटलेलं होतं, इथे ते पाळीनं वाटलं गेलं. आज स्वयंपाकाची पाळी ज्याची, त्याच्या हातची भाकरी सगळ्यांनी खायची. 1920 च्या दशकातल्या सातारा जिल्ह्यात ही किती मोठी गोष्ट होती, याचा आज नुसता अंदाजच करता येतो. समतेवर शंभर व्याख्यानं ऐकून जे होणार नाही, ते एका पिठाच्या परातीनं होत होतं. (माझ्या या व्याख्यानालाही हे लागू आहे, याची मला कल्पना आहे.)

दुसरी गोष्ट कौशल्याची. पन्नास-शंभर माणसांचा स्वयंपाक म्हणजे नुसता स्वयंपाक नव्हे. धान्य किती लागेल, बाजारात भाव काय आहे, सरपण किती दिवस पुरेल, आजारी कोण आहे, ज्याची पाळी चुकली त्याचं काय करायचं, हे सगळं त्यात येतं. आज आपण व्यवस्थापनाच्या वर्गात फी भरून जे शिकवतो, त्यातलं बरंचसं इथे पोटासाठी शिकलं जात होतं. चूक झाली तर मार्क कमी होत नव्हते, संध्याकाळी जेवण कमी पडत होतं.

पण इथे एक नाव विसरून चालणार नाही. लक्ष्मीबाई, भाऊरावांच्या पत्नी. बोर्डिंगमध्ये धान्य संपलं तेव्हा त्यांनी एकेक करून दागिने मोडले, शेवटी मंगळसूत्रसुद्धा. 1930 ला त्या गेल्या. 'स्वावलंबी शिक्षण हेच आमचे ब्रीद' असं संस्था अभिमानानं सांगते, आणि तो अभिमान रास्तच आहे. तरी ते स्वावलंबन सुरुवातीला एका बाईच्या अंगावरच्या सोन्यावर आणि तिच्या बिनमोल कष्टांवर उभं होतं, हेही त्याच दमात सांगायला हवं. मुलांच्या श्रमातून सगळा खर्च निघतो, असं तेव्हाही नव्हतं आणि आजही नाही. कुणीतरी बाहेरून भर घालावीच लागते.

1940 ला साताऱ्यात महाराजा सयाजीराव यांच्या नावानं मोफत आणि निवासी हायस्कूल निघालं, आणि 1947 च्या जूनमध्ये छत्रपती शिवाजी कॉलेज. उच्च शिक्षणाच्या इतिहासात मला ही पायरी सर्वांत महत्त्वाची वाटते. शाळेतल्या पोरानं बादली उचलली तर कुणाला काही वाटत नाही. बी. ए. च्या विद्यार्थ्यानं सकाळी फावडं घ्यायचं आणि नंतर वर्गात इंग्रजी वाङ्मयाच्या तासाला बसायचं, ही कल्पना पचायला जड होती. कारण आपल्याकडे शिकणं म्हणजे हातातली अवजारं खाली ठेवण्याचा परवानाच समजला जायचा. बाप पोराला शिकवायचा तेच मुळी त्याला ढेकळं तुडवावी लागू नयेत म्हणून.

या कॉलेजात 1954 ते 1957 या काळात 'कमवा आणि शिका' योजनेचे प्रमुख कोण होते, ठाऊक आहे? प्रा. एन. डी. पाटील. पुढे शेतकरी कामगार पक्षाचे नेते, राज्याचे सहकारमंत्री, रयतचे चेअरमन. आणि बोर्डिंगच्या मुलांतून आलेले बॅरिस्टर पी. जी. पाटील शिवाजी विद्यापीठाचे कुलगुरू झाले. मी ही नावं यशोगाथा म्हणून घेत नाही. मुद्दा असा की ही योजना चालवणारे आणि तिच्यातून घडलेले लोक पुढे विद्यापीठांच्या खुर्च्यांपर्यंत पोचले, आणि त्यामुळे ही कल्पना साताऱ्यापुरती राहिली नाही.

आता थोडं साताऱ्याबाहेर जाऊ, कारण याच सुमाराला अमेरिकेतही एक धागा विणला जात होता. 1927 लाच, म्हणजे गांधीजी साताऱ्यात आले त्याच वर्षी, टेक्सासमधल्या सॅन मार्कोसच्या शिक्षक महाविद्यालयात एक गरीब घरचा मुलगा दाखल झाला. फी आणि जेवणासाठी तो कॉलेजातच झाडलोट करायचा. पुढे खटपट करून त्यानं प्राचार्यांच्या कार्यालयात निरोप्याचं काम मिळवलं. निरोप पोचवता पोचवता संस्था कशी चालते, कोणाचा शब्द कुठे चालतो, हे तो शिकला. त्या मुलाचं नाव लिंडन जॉन्सन. 1935 ला रूझवेल्ट सरकारनं राष्ट्रीय युवा प्रशासन सुरू केलं, त्यात विद्यार्थ्यांना कॉलेजातच अर्धवेळ काम देऊन पैसे दिले जात. टेक्सासमध्ये त्याचा प्रमुख हाच जॉन्सन होता, वय वर्षं 26. आणि 1964 ला राष्ट्राध्यक्ष म्हणून त्यानं ज्या कायद्यावर सही केली, त्यातून कॉलेजांमधली 'वर्क-स्टडी' योजना देशभर आली. आज तिकडे शिकणारी आपली मुलं कॅम्पसवर ग्रंथालयात, कॅन्टीनमध्ये तास भरतात. परदेशी विद्यार्थी असल्यानं त्यांना सहसा या सरकारी योजनेचे पैसे मिळत नाहीत, पण विद्यार्थ्यानं कॅम्पसवर काम करण्यात कमीपणा नाही, ही रीत तीच.

जॉन्सनची गोष्ट मी मुद्दाम सांगितली. झाडू मारून त्याची फी निघत होती, पण त्यातून तो फारसं काही शिकला नाही. प्राचार्यांच्या दारात बसल्यावर शिकला. पैशाची गरज दोन्ही कामांनी भागली, शिक्षण एकाच कामानं झालं. मग झाडू हलकं काम का? साताऱ्यात तर झाडूनंसुद्धा शिक्षण झालं! फरक असा की साताऱ्यात तो झाडू प्रत्येकाच्या हातात पाळीनं येत होता. सॅन मार्कोसमध्ये तो फक्त गरजूंच्या हातात होता.

आता परत आपल्या विद्यापीठांत येऊ. पुण्याच्या विद्यापीठात ही योजना कर्मवीरांच्याच नावानं चालते, आणि आता राज्यात विद्यार्थी विकास मंडळासारखी यंत्रणा कायद्यानंच आहे. नाव, यंत्रणा, निधी, सगळं आलं. गाळलं गेलं ते पाळीचं तत्त्व. आता योजनेत फक्त गरजू मुलं येतात, कारण निवडीचा निकष उत्पन्नाचा दाखला. पैसा थोडा आहे, तेव्हा तो गरजूलाच जावा, हे मला मान्य आहे. पण मग कामाची निवड फार जपून करायला हवी. जिथे कारकुनाची जागा रिकामी आहे म्हणून मुलाला वर्षभर झेरॉक्सच्या मशीनपाशी उभं केलं जातं, तिथे विद्यापीठाला स्वस्त माणूस मिळतो, मुलाच्या पदरात मानधनापलीकडे काही पडत नाही. त्याच मुलाला ग्रंथालयात पुस्तकांचं वर्गीकरण शिकवलं, प्रयोगशाळेत उपकरणाची नोंदवही सांभाळायला दिली, वसतिगृहाच्या मेसचा महिन्याचा हिशोब त्याच्याकडून घेतला, तर तेवढ्याच तासांत आणि तेवढ्याच पैशांत तो दुसरंही काही घेऊन बाहेर पडतो. यासाठी जास्तीचा निधी लागत नाही. त्याच्या शेजारी बसून काम समजावून सांगणारा एक माणूस लागतो, आणि तो ग्रंथपालही असू शकतो, प्रयोगशाळा सहायकही असू शकतो.

साताऱ्यात ते काम सुरुवातीला खुद्द भाऊरावच करायचे. 1959 ला पुणे विद्यापीठानं त्यांना डी. लिट. दिली, त्याच वर्षी पद्मभूषणही मिळालं, आणि 9 मे ला ते गेले. तोवर त्यांच्या कॉलेजातली मुलं सकाळी फावडं आणि नंतर पुस्तक, अशी बारा वर्षं शिकत आली होती.

इथे थांबतो. तुमच्यापैकी जे स्वतः 'कमवा-शिका'तून शिकले आहेत, त्यांनी आपलं काम कुठलं होतं आणि ते कोणी शिकवलं, एवढं प्रश्नोत्तरांच्या वेळी जरूर सांगावं.