साहेबाची तसबीर आणि अर्धा शेर धान्य

इतिहासाची साधने म्हटली की आपल्या डोळ्यांपुढे बखरी, सनदा, ताम्रपट उभे राहतात. जुन्या फोटोकडे मात्र आपण शोभेची वस्तू म्हणून पाहतो. वस्तुतः तोही एक दस्तऐवज आहे, आणि दस्तऐवजाला विचारावयाचे प्रश्न त्यालाही विचारले पाहिजेत. हा केव्हाचा? कोणासाठी काढला? यात काय दाखविले आहे आणि काय वगळले आहे? आज आम्ही हे प्रश्न सर रिचर्ड टेंपल यांच्या तसबिरीला विचारणार आहोत.

टेंपलसाहेब मराठी मुलखाला परके नव्हते. १८६२ साली ते नागपुरास मध्यप्रांताचे चीफ कमिशनर झाले. १८७७ ते १८८० या काळात ते मुंबईचे गव्हर्नर होते. अशा बड्या अंमलदारांचे स्टुडिओतील फोटो जुन्या आल्बमांतून आढळतात. मागे रंगविलेला पडदा, बाजूला मेज, त्यावर एखादे पुस्तक, छातीवर मानचिन्हे. त्या काळी काचेवर ओला मसाला लावून छायाचित्र घेत. बैठक कित्येक सेकंद मोडता येत नसे, म्हणून मानेमागे लोखंडी टेकू लावीत. साहेबाच्या मुद्रेवरील ती करारी स्थिरता पुष्कळ अंशी या टेकूची आहे, हे ध्यानात ठेवावे.

आता काळ कसा ठरवावयाचा? पहिला साक्षीदार म्हणजे पुठ्ठा. पॅरिसच्या दिस्देरीने १८५४ साली भेटकार्डाएवढ्या फोटोचे पेटंट घेतले. त्याहून मोठा कॅबिनेट आकार १८६६ च्या सुमारास आला. पुठ्ठ्याच्या पाठीवर स्टुडिओचे नाव, पत्ता, कधी काचेचा क्रमांकही असतो. स्टुडिओ त्या पत्त्यावर केव्हा होता हे कळले, की काळाची चौकट मिळते.

दुसरा साक्षीदार अधिक पक्का, तो म्हणजे मानचिन्हे. 'स्टार ऑफ इंडिया' ही पदवी १८६१ साली निघाली आणि १८६६ साली तिचे तीन वर्ग झाले. टेंपलना दुसरा वर्ग १८६७ साली मिळाला व पहिला १८७८ साली. पहिल्या वर्गाचा मानकरी खांद्यावरून कमरेपर्यंत फिकट निळा, पांढऱ्या काठांचा रुंद पट्टा घालीत असे. म्हणून टेंपलच्या ज्या तसबिरीत तो पट्टा आहे, ती १८७८ पूर्वीची असू शकत नाही.

येथे तसबीर बोलावयाची थांबते, आणि आम्हांला खरे काम येथूनच लागते. त्या पट्ट्याच्या आधीच्या चार वर्षांत काय घडले?

१८७४ साली बिहारात दुष्काळ पडला. नॉर्थब्रूक सरकारच्या धोरणाप्रमाणे टेंपलनी ब्रह्मदेशातून आणलेला सुमारे ४,५०,००० टन तांदूळ लोकांपर्यंत पोचविला. भूकबळी फारच थोडे पडले. त्याबद्दल शाबासकी मिळावयाची, ती न मिळता उधळपट्टीचा ठपका आला! पुढे दक्षिणेत याहून भीषण दुष्काळ पडला. १ जानेवारी १८७७ रोजी लिटनने दिल्ली दरबार भरविला, आणि त्याच महिन्यात टेंपल दुष्काळी कामांची पाहणी करावयास मद्रासकडे निघाले. या खेपेस त्यांनी काटकसर दाखविली. दिवसभर खडी फोडणाऱ्या पुरुषाची मजुरी त्यांनी एक पौंड धान्य व एक आणा एवढी ठरविली. एक पौंड म्हणजे आपल्या जुन्या मापाने जवळजवळ अर्धा शेर.

मजुरीच्या दरावरून मालकांशी भांडण्यात आमचा जन्म गेला, म्हणून या आकड्यापाशी आम्ही अंमळ थांबतो. श्रम तेवढेच ठेवून अन्न कमी केले, तर बाकीचे माणसाच्या हाडामांसातून वसूल होते. मद्रासचे आरोग्याधिकारी डॉ. कॉर्निश यांनी नेमका हाच आक्षेप घेतला, आणि त्याच वर्षी मद्रास सरकारला दर वाढवावा लागला. मुंबई इलाख्यात तर हजारो मजूर कामे सोडून निघून गेले. आजच्या भाषेत तो संपच होता. फक्त युनियन नव्हती. त्यांची बाजू १८७० साली स्थापन झालेल्या पुण्याच्या सार्वजनिक सभेने अर्ज करून सरकारपुढे मांडली. त्या दुष्काळात ब्रिटिश मुलखात पन्नास लाखांवर माणसे दगावली, असा अंदाज आहे.

त्याच दुष्काळात मद्रासकडील एक लष्करी अधिकारी, हूपर, यानेही कॅमेरा उभा केला. त्याच्या फोटोंत हाडांचे सापळे झालेली माणसे ओळीने बसविली आहेत. कॅमेरा तसाच, काच तशीच, स्थिर बसण्याची आज्ञाही तीच. फरक एवढाच की, साहेबाच्या तसबिरीखाली नाव व पदव्या असतात. या माणसांच्या चित्रांखाली त्यांची नावे नाहीत.

टेंपल हे जात्याच क्रूर होते, असे आम्ही म्हणत नाही. १८७४ चा तांदूळही त्यांच्याच हातून वाटला गेला. परंतु जीव वाचविल्याबद्दल बोल खावा लागतो आणि खर्च वाचविल्याने वरिष्ठ प्रसन्न होतात, हे ज्या राज्ययंत्रात शिकावयास मिळते, तेथे चांगला माणूसही शेवटी मापाला हात घालतो. दोष माणसाचा आहे, आणि त्याहून अधिक त्या यंत्राचा आहे.

म्हणून जुन्या तसबिरी फोडू नयेत, जाळू नयेत. त्या जपाव्यात, त्यांच्या तारखा लावाव्यात. मात्र तारीख लागली की त्या वर्षीचा मजुरीचा दरही शोधून काढावा आणि तसबिरीखालच्या पाटीवर पदव्यांच्या शेजारी लिहून ठेवावा.