बोलण्याच्या जागा : कावेरीच्या त्रिभुज प्रदेशातील लोकमताचा इतिहास

कावेरीच्या त्रिभुज प्रदेशात तंजावर, तिरुवारूर, नागपट्टिणम आणि मयिलाडुदुरै हे आजचे जिल्हे प्रामुख्याने येतात. भाताची सलग शेते, कालव्यांचे दाट जाळे आणि एकमेकांना लागून असलेली गावे हे या मुलखाचे रूप. राज्यकारभार, भाताचा भाव, पाण्याची पाळी, कीर्तन, संगीत आणि सिनेमा यांवर उघडपणे मते मांडण्याची रीत या गावांत फार जुनी आहे. मात्र ती सर्वांना सारखी खुली कधीच नव्हती. कोणाला कुठे बसता येते, यावर कोणाचे मत ऐकले जाईल हे ठरत असे. त्यामुळे इथल्या लोकमताचा इतिहास हा मुख्यतः बोलण्याच्या जागांचा इतिहास आहे.

वादासाठी राखलेल्या जागेचा जुना उल्लेख कावेरीच्या मुखाशी वसलेल्या पुहार, म्हणजे काविरिप्पूंपट्टिणम, या बंदराच्या वर्णनात सापडतो. सुमारे सहाव्या शतकातील ‘मणिमेखलै’ या तमिळ महाकाव्यात इंद्रोत्सवाची दवंडी पिटली जाते. आपापल्या मतांच्या पंडितांनी ‘पट्टिमंडप’ नावाच्या वादसभेत यावे असे आवाहन त्या दवंडीत आहे, आणि विरोधकांशीही राग व भांडण टाळावे असे बजावलेलेही आहे. बौद्ध, जैन, शैव, वैष्णव असे अनेक पंथ आणि दूरदेशीचे व्यापारी ज्या बंदरात एकत्र राहत, तिथे वादाला शिस्त लावण्याची गरज होतीच.

चोळांच्या काळात, नवव्या ते तेराव्या शतकांत, चर्चेची जागा मंदिराच्या मंडपात आली. ब्राह्मणांना दान मिळालेल्या गावांत ‘सभा’ आणि इतर गावांत ‘ऊर’ या संस्था कर, जमीन, तलाव आणि देवस्थानाचे उत्पन्न यांविषयी निर्णय घेत. ते मंदिरांच्या भिंतींवर कोरले जात. या संस्थांमध्ये बोलण्याचा अधिकार जमिनीशी आणि विद्येशी जोडलेला होता. शेतात राबणाऱ्यांचे म्हणणे त्या कोरीव लेखांत येत नाही.

रोजच्या गप्पांची जागा वेगळी होती. इथल्या जुन्या घरांना रस्त्याच्या बाजूला ‘तिण्णै’ म्हणजे छपराखालचा बांधीव ओटा असतो. त्यावर वाटसरू विसावत, पंतोजी मुलांची शाळा भरवत आणि संध्याकाळी शेजारीपाजारी जमत. पण गावाची रचनाच जातीनुसार होती. ब्राह्मणांची ओळ म्हणजे अग्रहारम, ब्राह्मणेतरांचे रस्ते वेगळे, आणि दलित शेतमजुरांची वस्ती ‘चेरी’ शेतांपलीकडे. एका रस्त्याच्या ओट्यावरची चर्चा दुसऱ्या रस्त्यापर्यंत फारशी पोहोचत नसे.

१६७६च्या सुमारास व्यंकोजी भोसले यांनी तंजावरात मराठी राज्य स्थापले. ते १८५५ पर्यंत, म्हणजे इंग्रजांनी संस्थान खालसा करेपर्यंत, टिकले. मराठा राजघराण्याने रामेश्वरच्या यात्रामार्गावर अन्नछत्रे बांधली. दुसऱ्या सरफोजीराजांच्या काळात उभे राहिलेले ओरत्तनाडूचे मुक्ताम्बाळ छत्र त्यांपैकी विशेष प्रसिद्ध. काशीकडून येणारे यात्रेकरू, गोसावी आणि व्यापारी अशा ठिकाणी उतरत, आणि त्यांच्याबरोबर दूरच्या मुलखाच्या बातम्याही येत.

मराठी अमलाचा सर्वांत लोकाभिमुख वारसा म्हणजे तंजावरची लावणी. शिमग्याच्या सुमारास तमिळ मुलखात कामदहनाचा उत्सव होतो. त्यात गायकांचे दोन पक्ष समोरासमोर बसतात. ‘एरिंद कट्चि’ म्हणजे मदन जळाला असे म्हणणारा पक्ष, आणि ‘एरियाद कट्चि’ म्हणजे जळाला नाही असे म्हणणारा. शिवाने मदनाला खरोखर भस्म केले की नाही, यावर रात्रभर सवाल-जवाब चालतात. प्रश्न गाण्यातून येतो आणि उत्तरही त्याच चालीत, तिथल्या तिथे रचून द्यावे लागते. ही प्रथा मराठ्यांच्या काळात रुजली असे मानले जाते, आणि महाराष्ट्रातील कलगी-तुऱ्याशी तिचे नाते लगेच ध्यानात येते. तुरेवाले शिवाचा आणि कलगीवाले शक्तीचा पक्ष घेऊन असेच रात्री जागवत. विषय पुराणातला असला, तरी कौल जमलेल्या गावकऱ्यांचा असे. हजरजबाबीपणाला आणि नेमक्या युक्तिवादाला दाद देण्याची सवय गावकऱ्यांना इथेच लागली. पुढे सामाजिक आणि राजकीय प्रश्नही या चालींत बसवले गेले. आजच्या तमिळमध्ये राजकारण्यांच्या वाक्‌युद्धालाही लोक ‘लावणी’ म्हणतात.

छपाईने मताला गावाबाहेरचा श्रोता मिळाला. सरफोजीराजांनी १८०५च्या सुमारास राजवाड्यात देवनागरी छापखाना सुरू केला, आणि १८०६ मध्ये तिथे ‘बालबोधमुक्तावली’ हे इसपनीतीचे मराठी रूपांतर छापले गेले. हा छापखाना दरबाराचा होता. सामान्य वाचकापुढे मत मांडण्याचे साधन वृत्तपत्रांनी दिले, आणि त्याचा मनमोकळा वापर करणाऱ्यांत कुंभकोणमचे टी. माधवराव ठळकपणे दिसतात. मराठी भाषिक घराण्यात १८२८ साली जन्मलेले माधवराव त्रावणकोर, इंदूर आणि बडोदा या संस्थानांचे दिवाण झाले. निवृत्तीनंतर मद्रासमध्ये राहून ते टोपणनावांनी वृत्तपत्रांत लिहीत. आफ्रिकेतील जर्मन वसाहतींपासून हिंदू स्त्रियांच्या पोशाखापर्यंत कोणताही विषय त्यांना वर्ज्य नव्हता. जर्मन वसाहतींबद्दलचे आपले मत त्यांनी चॅन्सलर बिस्मार्क यांनाही कळवले होते. दिवाणपदाचा अधिकार बाजूला ठेवून एक साधा नागरिक म्हणून जगाच्या घडामोडींवर बोलण्याची ही वृत्ती त्या काळात नवी होती.

त्याच काळात तिरुवैयारूचे जी. सुब्रमणिय अय्यर यांनी पत्रकारितेचा पाया घातला. तंजावर जिल्ह्यातील टी. मुथुस्वामी अय्यर यांची मद्रास उच्च न्यायालयात नेमणूक झाली, तेव्हा इंग्रजांच्या वृत्तपत्रांनी तिच्यावर टीका केली. तिला उत्तर देण्यासाठी सुब्रमणिय अय्यर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १८७८ मध्ये ‘द हिंदू’ सुरू केला. इंग्रजी न जाणणाऱ्यांसाठी त्यांनी १८८२ मध्ये ‘स्वदेशमित्रन’ हे तमिळ पत्र काढले. शेतसारा, दुष्काळ आणि परदेशी मालाचा व्यापार हे विषय आता गावाच्या भाषेत आले. अंक एकाच्याच हाती असे, पण तो मोठ्याने वाचला जाई आणि ओट्यावर बसलेले सगळे ऐकत.

विसाव्या शतकाच्या सुरुवातीला कॉफी आली आणि तिच्याबरोबर ‘कॉफी क्लब’ म्हणजे कॉफीची हॉटेले आली. सकाळी शिळ्या भातावरचे पाणी पिण्याची जुनी सवय मागे पडून मध्यमवर्गीय घरांत फिल्टर कॉफी रुळली. कुंभकोणमची ‘डिग्री कॉफी’ तर प्रदेशाची ओळखच बनली. कॉफीने तब्येत बिघडते का, पैसा वाया जातो का, यावरही तेव्हाच्या नियतकालिकांतून वाद झाले. या हॉटेलांत वर्तमानपत्र ठेवलेले असे आणि गिऱ्हाईक त्यावर बोलत बसे. पण अनेक ठिकाणी ब्राह्मणांची बसायची जागा वेगळी होती. ओट्यावरचा भेद हॉटेलातही आला.

याच काळात लोकप्रिय कलांवरची टीका बहरली, आणि तिचे दोन मोठे शिल्पकार या प्रदेशातलेच होते. तिरुत्तुरैप्पूंडीचे एस. एस. वासन यांनी १९२८ मध्ये ‘आनंद विकटन’ हे नियतकालिक हाती घेतले आणि ते घराघरांत पोहोचवले. मायवरम, म्हणजे आजचे मयिलाडुदुरै, याच्याजवळच्या खेड्यात जन्मलेले ‘कल्कि’ रा. कृष्णमूर्ती यांनी त्यात ‘कर्नाटकम्’ या टोपणनावाने संगीत, नाटक आणि सिनेमा यांची परखड परीक्षणे लिहिली. १९४१ मध्ये त्यांनी ‘कल्कि’ हे स्वतःचे साप्ताहिक काढले. मैफलीत तमिळ गाणी पुरेशी का गायली जात नाहीत, या प्रश्नावर उभ्या राहिलेल्या तमिळ इसै चळवळीत त्यांची लेखणी आघाडीवर होती. रसिकांची मते इथे किती तीव्र असत, ते तिरुवैयारूच्या त्यागराज आराधनेतही दिसते. तिथे बराच काळ ‘पेरिय कट्चि’ आणि ‘चिन्न कट्चि’, म्हणजे थोरला आणि धाकटा पक्ष, वेगवेगळे उत्सव करत. पुरुषांच्या या उत्सवांत गाण्याची संधी नाकारली गेल्यावर बंगळूर नागरत्नम्मा यांच्या पुढाकाराने स्त्री कलावंतांनी स्वतःचा तिसरा पक्ष उभारला. १९४०च्या सुमारास हे प्रवाह एकत्र आले.

मताचे दार खऱ्या अर्थाने रुंद केले ते द्रविड चळवळीने. या चळवळीचे नेते पेरियार ई. व्ही. रामस्वामी यांचे ‘कुडि अरसु’ हे साप्ताहिक १९२५ मध्ये सुरू झाले. तिरुक्कुवळै या खेड्यात जन्मलेल्या एम. करुणानिधींनी १९४२ मध्ये, वयाच्या अठराव्या वर्षी, तिरुवारूरहून ‘मुरसोली’ हे पत्रक काढले. पुढे त्याचे दैनिक झाले. १९४९ मध्ये द्रविड मुन्नेट्र कळगमची स्थापना झाल्यावर गावोगाव ‘पडिप्पगम’ म्हणजे वाचनखोल्या निघाल्या. चहाचे दुकान आणि केशकर्तनालय ही या चळवळीची खरी सभागृहे ठरली. १९४२ मध्येच सुरू झालेल्या ‘दिन तंदी’ने बोली भाषेत आणि ठळक मथळ्यांत बातम्या दिल्या, आणि जेमतेम अक्षरओळख असलेला माणूसही चहाच्या दुकानात पेपर वाचू लागला. करुणानिधींचे संवाद असलेला ‘पराशक्ति’ हा चित्रपट १९५२ मध्ये आला, तेव्हा लोक ते संवाद पाठ म्हणत. सिनेमा आवडला की नाही, हे सांगणे म्हणजे राजकीय मत सांगणेच झाले.

शेतमजुरांसाठी हे दार सर्वांत उशिरा आणि सर्वांत मोठी किंमत घेऊन उघडले. ‘पण्णैयाळ’ म्हणजे जमीनदाराकडे पिढ्यान्‌पिढ्या बांधलेला सालगडी. त्याने उलट बोलणे हाच गुन्हा होता. त्यासाठी चाबकाचे फटके बसत आणि शेणाचे पाणी पाजले जाई. अनेक गावांत चहाच्या दुकानात दलितांसाठी पेले वेगळे असत. १९४०च्या दशकात बी. श्रीनिवास राव आणि इतर कम्युनिस्ट कार्यकर्त्यांनी मजुरांची संघटना बांधली. या अमानुष शिक्षा बंद करणे ही त्यांची पहिली मागणी होती. १९५२ मध्ये तंजावर कुळे व पण्णैयाळ संरक्षण कायदा झाला. तरीही मजुरीचा दर उघडपणे मागणे जिवावर बेतू शकत होते. २५ डिसेंबर १९६८ च्या रात्री किळवेण्मणी या गावात जमीनमालकांच्या टोळीने हल्ला केला, आणि झोपडीत आसरा घेतलेल्या ४४ दलितांना जाळून मारले. त्यांत बहुतेक स्त्रिया आणि मुले होती. मजुरीत थोडी अधिक भातमापे मिळावीत, ही या संघर्षामागची मागणी होती. पुढे उच्च न्यायालयातून जमीनमालक आरोपी निर्दोष सुटले. १९६९ मध्ये शेतमजुरांच्या रास्त मजुरीचा कायदा झाला. लोकमताच्या कोणत्याही इतिहासात किळवेण्मणीला मध्यवर्ती स्थान द्यावे लागते. बोलण्याच्या हक्काची इतकी किंमत या प्रदेशात दुसऱ्या कोणी मोजलेली नाही.

आजच्या चर्चेच्या केंद्रस्थानी पाणी आहे. १९३४ मध्ये कावेरीवरील मेट्टूर धरण पूर्ण झाले. ‘कुरुवै’ या पहिल्या भातपिकासाठी १२ जूनला धरणाचे दरवाजे उघडण्याची प्रथा पडली. तेव्हापासून धरणाची पातळी, जी १२० फुटांना पूर्ण भरते, इथे सोन्याच्या भावासारखी रोज पाहिली जाते. १९९० मध्ये नेमलेला कावेरी लवाद, त्याचा २००७चा निवाडा आणि कर्नाटकाने तमिळनाडूसाठी दरवर्षी १७७.२५ टीएमसी पाणी सोडावे असे ठरवणारा सर्वोच्च न्यायालयाचा २०१८चा निकाल, हे सारे चहाच्या दुकानांत आकड्यांसह चर्चिले जाते. कालव्याच्या शेवटच्या टोकाला असलेल्या ‘कडैमडै’ भागातील शेतकऱ्याला हे आकडे पोटाशी निगडित वाटतात. हायड्रोकार्बन प्रकल्पांविरुद्ध २०१७ मध्ये कदिरामंगलमसारख्या गावांनी आवाज उठवला. २०२० मध्ये या प्रदेशाला संरक्षित कृषिक्षेत्र ठरवणारा कायदा झाला. गावातली चर्चा कायद्यापर्यंत पोहोचू शकते, याचे हे अलीकडचे उदाहरण.

वादसभेची परंपरा ‘पट्टिमन्रम’ या नावाने जिवंत आहे. मायवरम भागात जन्मलेले कुंद्रक्कुडी अडिगळार यांच्यासारख्या मध्यस्थांनी विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात तिला लोकप्रिय केले. जुन्या तमिळ महाकाव्यातील कण्णगी थोर की माधवी, अशा साहित्यिक प्रश्नांवरून ती एकत्र कुटुंब, पैसा आणि सिनेगीते यांपर्यंत आली. १९९३ नंतर खासगी वाहिन्यांनी तिला सणासुदीचा कार्यक्रम बनवले. दोन पक्ष, एक मध्यस्थ आणि निकालाकडे कान लावून बसलेला श्रोता ही तिची मांडणी कायम राहिली आहे. पुहारच्या वादसभेत पंडित बोलत आणि चोळांच्या सभेत जमीनधारक. आज चेरीतला मजूरही मत देतो, वर्तमानपत्र वाचतो आणि भावाबद्दल वाद घालतो. हा बदल आपोआप झालेला नाही. वृत्तपत्रे, चळवळी, कायदे आणि मजुरांचे बलिदान यांतून तो घडला आहे.